कागदावरची अश्वशक्ती



परीक्षेचा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा तुम्हांला एकच प्रश्न विचारतो, "किती टक्के पडले?" प्रश्नपत्रिका सोपी होती की अवघड, परीक्षेच्या दिवसांत तुम्हांला ताप होता की काय, गेल्या वर्षीच्या तुमच्या गुणांपेक्षा हे गुण कमी की जास्त, यांतले काहीही तो विचारत नाही. आकडा कानावर पडला की त्याचे समाधान होते. मोटारींच्या जगातही असाच एक आकडा आहे. त्याचे नाव अश्वशक्ती. त्या आकड्यापायी माझा भाचा माझ्यावर महिनाभर रुसला होता. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे, कारण तिच्यात चूक जितकी त्याची होती तितकीच माझीही होती.

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी नोकरी करतो. त्याला मोटारींचे वेड आहे. त्याने टर्बोचार्जर असलेली एक जपानी बनावटीची गाडी घेतली आणि तिची ताकद वाढवण्याचा ध्यास घेतला. हवा आत घेणारी नळी बदलली, धूर बाहेर टाकणारी नळी बदलली आणि इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे व ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणाऱ्या संगणकातील आज्ञावलीही बदलून घेतली. (आपल्या देशात मात्र कारखान्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते, हे जाता जाता लक्षात असू द्या.) काम झाल्यावर त्याने मला दोन कागदांची छायाचित्रे पाठवली. पहिल्या कागदावर, म्हणजे बदल करण्यापूर्वीच्या, १९८ अश्वशक्ती असा आकडा होता. दुसऱ्यावर २७०. खाली त्याने लिहिले होते, "मामा, ७२ घोडे वाढले! पैसे वसूल!"

मी उलट टपाली अभिनंदन करायला हवे होते, अशी त्याची अपेक्षा. मी मात्र विचारले, "दोन्ही कागदांच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिले आहे?" इथून रुसव्याला सुरुवात झाली.

शक्ती मोजतात तरी कशी?

हे समजण्यासाठी आधी त्या यंत्राची ओळख करून घेऊ. त्याला डायनॅमोमीटर, म्हणजेच शक्तिमापक, म्हणतात. गॅरेजांतून त्याचे लाडके नाव 'डायनो'. १८२१ साली फ्रान्समध्ये गॅस्पार द प्रोनी या अभियंत्याने असे एक साधन तयार केले होते. फिरणाऱ्या दांड्याला लाकडी चिमट्याने आवळायचे आणि त्या चिमट्याला जोडलेली लांब दांडी वर उचलली जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला वजन टांगायचे. वजन आणि दांडीची लांबी यांचा गुणाकार केला की दांडा किती जोराने फिरतो आहे ते कळते. या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. इंजिनाच्या शक्तीला 'ब्रेक हॉर्सपॉवर' म्हणण्याची जुनी पद्धत या ब्रेकवरूनच आली.

आजच्या गॅरेजात गाडीच गाडी उभी करतात. जमिनीत बसवलेल्या पोलादी रुळांवर तिची चालवणारी चाके ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. गाडी जागची हलत नाही, रूळ फिरतो. काही यंत्रांत हा रूळ खूप जड असतो. जड जाते फिरवताना सुरुवातीला किती जोर लागतो ते आजीला विचारून पहा. रुळाचे फिरण्याचे जडत्व ठाऊक असते, तो किती लवकर वेग घेतो हे मोजले की त्यावर किती टॉर्क पडला ते गणिताने काढता येते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत रुळाला जोडलेली धातूची चकती विद्युतचुंबकांमधून फिरते. चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते तिच्या फिरण्याला विरोध करतात. हा विरोध हवा तितका वाढवता येतो व एका काट्यावर मोजता येतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट पहा. या दोन्ही यंत्रांत शक्ती कोठेच थेट मोजलेली नाही! मोजला जातो तो टॉर्क किंवा वेगातील वाढ, आणि फेऱ्यांची संख्या. शक्ती ही त्यांच्या गुणाकाराने काढलेली असते. समजा, टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे आणि दांडा मिनिटाला ५,००० फेरे घेतो आहे. ५,००० ला ६० ने भागून २π ने गुणले की कोनीय वेग येतो सेकंदाला सुमारे ५२४ रेडियन. ३०० गुणिले ५२४ म्हणजे सुमारे १,५७,००० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ही झाली सुमारे २१० अश्वशक्ती.

यातून कागद तपासण्याची एक गमतीदार युक्ती निघते. जेम्स वॉटने एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम असे ठरवले. ३३,००० ला २π ने भागा, ५,२५२ येतात. म्हणून अमेरिकन कागदावर अश्वशक्ती आणि फूट-पौंडांतील टॉर्क हे दोन आलेख एकाच मापपट्टीवर काढलेले असतील, तर ते मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांवरच एकमेकांना छेदले पाहिजेत. गाडी कोणतीही असो! तसे ते छेदत नसतील, तर कागदात काहीतरी चूक आहे हे गाडी न पाहताच सांगता येते. भाच्याचा कागद या परीक्षेत उत्तीर्ण झाला. पण बेरीज-गुणाकार बरोबर असणे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बारीक अक्षरांतली हवा

इंजिन पेट्रोल पिते हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते त्याहून कितीतरी अधिक हवा पिते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. तेव्हा इंजिनाची ताकद प्रत्येक फेरीत किती वजनाची हवा आत शिरते यावर ठरते. हवा विरळ असेल तर ताकद कमी. मुंबईला समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १,०१३ मिलिबार असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तेथे तो ९५० मिलिबारच्या आसपास येतो. म्हणजे तापमान सारखेच धरले, तर तेच साधे इंजिन मुंबईहून पुण्याला नेले की बसल्या जागी सुमारे ६ टक्के ताकद हरवते. शिवाय २५ अंशांची हवा ४० अंशांपर्यंत तापली, की तिची घनता आणखी ५ टक्क्यांनी घटते.

मग वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या ऋतूंत मोजलेल्या गाड्यांची तुलना कशी करायची? यासाठी अभियंत्यांनी एक सोय केली आहे. हवेची एक प्रमाण अवस्था ठरवायची आणि मोजलेला आकडा एका गुणकाने गुणून 'प्रमाण हवेत किती आला असता' ते सांगायचे. सोय चांगली आहे, पण प्रमाण अवस्थाही एकच नाही. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे सध्याचे प्रमाण २५ अंश तापमान व ९९० मिलिबार कोरडी हवा धरते. त्याच संस्थेचे जुने प्रमाण अधिक थंड आणि अधिक दाबाची हवा धरीत असे. जुन्या प्रमाणाने तोच आकडा सुमारे ४ टक्के मोठा दिसतो. कोणत्या गॅरेजवाल्याला कोणते प्रमाण आवडत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता!

डेन्व्हर तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याच्या टोकाएवढी त्या शहराची जमीन. तेथे हवेचा दाब ८३५ मिलिबारच्या आसपास असतो. भाच्याने अखेर कागदाचा तळ वाचून पाठवला. पहिला कागद एका गॅरेजातला, त्यावर गुणक लावलेलाच नव्हता. दुसरा कागद दुसऱ्या गॅरेजातला, निराळ्या प्रकारच्या यंत्रावरचा. त्यावर गुणक होता १.२०. आता २७० ला १.२० ने भागा. उत्तर येते २२५.

म्हणजे ७२ घोड्यांपैकी ४५ घोडे इंजिनात नव्हतेच. ते गुणाकारातून आले होते!

"पण मामा, गुणक लावणे शास्त्रीयच आहे, असे तू आता म्हणालास," असे भाचा म्हणाला. बरोबर आहे. पण मग तो दोन्ही कागदांना लावायला हवा. शिवाय आणखी एक अडचण होती. हे गुणक ज्या इंजिनाला बाहेरची हवा जशीच्या तशी ओढून घ्यावी लागते, त्याच्यासाठी काढलेले आहेत. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते आणि ते हवा दाबून आत कोंबते. हवा विरळ असली तर ते चक्र अधिक वेगाने फिरून तूट बरीचशी भरून काढू शकते. जी तूट इंजिनाने स्वतःच भरून काढली, ती पुन्हा गुणकाने भरून देणे म्हणजे एकाच हुंडीचे पैसे दोनदा वसूल करणे होय. त्या गाडीला १.२० चा पूर्ण गुणक लावणे म्हणूनच योग्य नव्हते.

चाकांपासून इंजिनापर्यंत

आकडा फुगवण्याची आणखी एक वाट आहे. रुळांवर मोजली जाते ती चाकांपाशी पोचलेली शक्ती. कारखाना जाहिरातीत सांगतो ती इंजिनाच्या दांड्यावरची. मधल्या वाटेत गिअरपेटी, दांडे, टायर ही मंडळी आपापला वाटा घेतात. पुष्कळ लोक डोळे मिटून म्हणतात, "वाटेत १५ टक्के जातात." मग चाकांवरच्या आकड्याला ०.८५ ने भागून इंजिनाचा आकडा तयार करतात.

हे तपासून पहा. इंजिनाची शक्ती २०० असताना १५ टक्के म्हणजे ३० अश्वशक्ती वाटेत गेली. इंजिन सुधारून ३०० केले, तर त्याच हिशेबाने ४५ गेली. पण गिअरपेटी तीच, तेल तेच, टायर तेच! तेलात चाके घुसळण्याचा खर्च वेगावर अवलंबून असतो, इंजिन किती जोर लावते त्यावर फारसा नाही. दात्यांवर दात घासण्याचा खर्च मात्र जोर वाढला की वाढतो. तेव्हा हा तोटा ठरावीक टक्क्यांचाही नसतो आणि ठरावीक रकमेचाही नसतो. जे मोजले नाही ते अंदाजाने जोडून त्याला मोजलेल्या आकड्याचा मान देणे, ही चूक आहे. चाकांवरची शक्ती मोजली असेल तर 'चाकांवर इतकी' एवढेच लिहावे.

शिवाय टायरमधील हवा कमी असली, पट्टे अधिक आवळले गेले, इंजिन अजून तापलेले नसले, मोजणी वेगळ्या गिअरमध्ये घेतली, तरी आकडा हलतो. त्याच गाडीने त्याच यंत्रावर लागोपाठ घेतलेल्या दोन मोजण्यांतही एकदोन टक्क्यांचा फरक पडतो. २०० अश्वशक्तीच्या गाडीत दोन टक्के म्हणजे ४ अश्वशक्ती. तेव्हा "नवी हवागाळणी बसवून ३ घोडे वाढले" असे कोणी एका मोजणीवरून सांगितले, तर त्याला नम्रपणे म्हणावे, "आणखी तीन वेळा मोजून सांगा."

आकडा खोटा पडतो, तेव्हा

तुम्ही म्हणाल, मग हे यंत्र फेकूनच द्यावे काय? मुळीच नाही. त्याचा योग्य उपयोग केला तर ते बलाढ्य कंपनीलाही चूक कबूल करायला लावते. १९९९ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या मस्टँग कोब्रा गाडीची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. आधीच्या वर्षीची कोब्रा ३०५ ची होती. गाडी घेतलेल्यांना ती अपेक्षेइतकी चपळ वाटेना. काहींनी तिची मोजणी करून घेतली, तर जाहीर केलेली वाढ कोठे दिसेना. एकदोघांची तक्रार असती तर यंत्राची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण अनेक गाड्या, निरनिराळी यंत्रे आणि उत्तर मात्र एकाच बाजूला झुकलेले! अखेर कंपनीने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि हवा आत घेणारा भाग, धुराच्या नळ्या व संगणकाची आज्ञावली बदलून दिली.

याहून जुने उदाहरण घ्या. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन उघडे ठेवून, त्याला पंखा वगैरे परिवार न जोडता मोजलेली 'ठोक' शक्ती मिरवीत असत. पुढे १९७२ पासून गाडीत बसवल्याप्रमाणे सर्व जोडण्यांसह मोजलेली 'निव्वळ' शक्ती देण्याची प्रथा पडली. १९७१ च्या शेव्हरोलेट कॉर्व्हेटमधील एका मोठ्या इंजिनाचे दोन्ही आकडे त्या वर्षी दिले गेले होते. ठोक ३६५ आणि निव्वळ २८५. इंजिन एकच, एक स्क्रूही बदललेला नाही, आणि फरक ८० घोड्यांचा! यांतला खरा आकडा कोणता, असे विचाराल तर दोन्ही खरे. फक्त ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

माझे मत असे आहे की, कोणताही मोजलेला आकडा हे अर्धे वाक्य असते. उरलेले अर्धे वाक्य म्हणजे तो कोठे, केव्हा, कशाने आणि कशाच्या तुलनेत मोजला. ते अर्धे वाक्य गाळून उरलेले अर्धे मोठ्याने म्हणणे यालाच जाहिरात म्हणतात. विज्ञान शिकणाऱ्याने तसे करू नये आणि कोणी तसे केले तर फसू नये.

भाच्याचा प्रश्न आणि माझे उत्तर

हे सारे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने लिहून कळवले. त्याचे उत्तर आले ते असे : "मामा, अकरावीत लंबकाच्या प्रयोगात माझे उत्तर ९.४ आले होते. तेव्हा तूच म्हणालास, वेळेचे आकडे जरा सारखे कर, ९.८ आणून टाक, परीक्षक फार खोलात जात नाहीत. मग आता मी आवडता आकडा धरला तर माझे काय चुकले?"

मित्रहो, मी वर्गात भौतिकी शिकवतो. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मग मी त्या प्रयोगाचा पुन्हा विचार केला. त्याने दोऱ्याची लांबी ४८ सेंटिमीटर मोजली होती. पण लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून आणखी २ सेंटिमीटर होतात. खरी लांबी ५० सेंटिमीटर. ९.८ ला ४८ ने गुणून ५० ने भागा. उत्तर येते ९.४! त्या पोराचे घड्याळ बरोबर होते, मोजणी बरोबर होती, हिशेब बरोबर होता. त्याचा आकडा ओरडून सांगत होता की, "लांबी मोजताना काहीतरी विसरला आहात." आणि मी त्या आकड्याचे तोंड बंद करायला शिकवले. एक चूक सापडायची राहिली, एवढेच नुकसान झाले नाही. आकडा हा आपल्या सोयीने वाकवायचा असतो, हा धडा त्याने माझ्याकडून घेतला.

मी त्याला तसे कबूल करून लिहिले. मग त्याचा रुसवा गेला आणि त्याने एक चांगले काम केले. त्याच्या एका मित्राकडे तेच मॉडेल, अजिबात बदल न केलेले, होते. दोघांनी एका सकाळी एकाच गॅरेजात, एकाच रुळांवर, दोन्ही गाड्यांच्या टायरांत सारखी हवा भरून, गुणक न लावता प्रत्येकी तीन मोजण्या घेतल्या. मित्राच्या गाडीचे आकडे आले २०२, २०६ आणि २०४. भाच्याच्या गाडीचे २२८, २२५ आणि २३१. सरासरी काढा, २०४ आणि २२८. फरक २४, म्हणजे सुमारे १२ टक्के. पहिल्या दोन कागदांवरून तो ३६ टक्के दिसत होता. अर्थात एकाच मॉडेलच्या दोन गाड्याही तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून भाचा आता '२४ घोडे वाढले' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "वीस ते तीसच्या दरम्यान वाढले असावेत." हे वाक्य ऐकायला भपकेबाज नाही. मला मात्र त्याच्या पदवीपेक्षा त्या वाक्याचा अभिमान वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी उघड झाली. कागदाच्या खालच्या भागात हवा व पेट्रोल यांच्या वजनाच्या प्रमाणाची एक रेघ असते. पूर्ण जोर लावलेल्या टर्बो इंजिनात मुद्दाम जास्त पेट्रोल देतात आणि हे प्रमाण सामान्यतः ११ ते १२ च्या दरम्यान ठेवतात. त्या जादा पेट्रोलाने आतील उष्णता आटोक्यात राहते. भाच्याच्या गाडीत वरच्या फेऱ्यांवर ही रेघ १३ कडे चढत होती. म्हणजे सर्वांत जास्त जोर असताना इंजिन उपाशी होते! असेच चालले असते तर आतील मिश्रण अवेळी पेटून पिस्टनला भोक पडण्याचा धोका होता, तोही भरधाव रस्त्यावर. ही रेघ दुसऱ्या कागदावर पहिल्या दिवसापासून छापलेली होती. पण २७० च्या आनंदात ती त्यानेही पाहिली नाही आणि घोडे मोजण्याच्या नादात मीही पाहिली नाही. आज्ञावली दुरुस्त केल्यावर दोनचार घोडे कमी झाले. इंजिन वाचले.

आता तुमची पाळी. तुमच्याकडे डायनो नाही, पण शाळेला जिना आहे. आधी स्वतःचे वजन करा, जिन्याच्या एका पायरीची उंची मोजून पायऱ्यांच्या संख्येने गुणा आणि घड्याळ लावून भरभर चढा. ४५ किलो वजनाचा मुलगा ६ मीटर उंची ९ सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती ४५ × ९.८ × ६ ÷ ९, म्हणजे २९४ वॅट. अश्वशक्तीत सुमारे ०.३९. पण थांबा! मित्राने घड्याळ दाबताना अर्ध्या सेकंदाची चूक केली असेल तर उत्तरात ५-६ टक्के फरक पडतो. तेव्हा ०.३९४ असे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. तीनदा चढा. एकदा दप्तर घेऊन चढा, पण मग दप्तराचेही वजन करून हिशेबात धरा. एकदा जेवणाच्या सुट्टीपूर्वी आणि एकदा नंतर चढा. प्रत्येक वेळी आकड्याशेजारी परिस्थिती लिहा. वर्गातील दुसऱ्या कोणाचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा आला, तर रुसण्यापूर्वी त्याच्या वहीतील बारीक अक्षरे वाचा.

आणि लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.४ आले, तर वहीत ९.४ च लिहा. शिक्षक रागावले तर त्यांना हा लेख दाखवा. मग दोघे मिळून पट्टी घ्या आणि दोरा पुन्हा मोजा.